प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग : ओळख आणि तपासणी

१८५३ साली लंडन हॉस्पिटलमधील जॉन ॲडम्स या शल्यचिकित्सकाने एका रुग्णाच्या प्रोस्टेट ग्रंथीतील कठीण गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती गाठ कर्करोगाचीच आहे, असे सिद्ध केलेले हे पहिले उदाहरण समजले जाते. हा रोग अतिशय विरळा आहे, असे ॲडम्सने आपल्या निबंधात नमूद करून ठेवले होते. आज सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर हाच विरळा रोग जगातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या खालोखाल येऊन बसला आहे. २०२२ या एका वर्षात जगभर त्याचे सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण निर्माण झाले आणि ३ लाख ९७ हजार पुरुष त्याला बळी पडले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

रोग एवढा वाढला कसा, असा प्रश्न वाचकाच्या मनात साहजिकच उभा राहील. त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण आयुर्मान. हा मुख्यतः उतारवयाचा रोग असून पूर्वी बहुतेक माणसे त्या वयापर्यंत पोचतच नसत. दुसरे कारण असे, की लघवी तुंबून दगावलेल्या वृद्धाच्या मृत्यूचे कारण ‘म्हातारपण’ एवढेच सांगितले जाई. आतल्या कर्करोगाचा कोणाला पत्ताही लागत नसे. तिसरे कारण मात्र अलीकडचे आहे. गेल्या चाळीस वर्षांत रक्ताच्या एका साध्या तपासणीने हा रोग लक्षणे दिसण्यापूर्वीच हुडकून काढता येऊ लागला. या तपासणीने अनेकांचे प्राण वाचवले, आणि जो रोग त्यांना कधीच त्रास देणार नव्हता त्याच्या उपचारांत इतर अनेकांना गुंतवले. प्रोस्टेटच्या कर्करोगासंबंधीची जागृती ही म्हणूनच काहीशी नाजूक गोष्ट आहे. ‘प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी’ एवढे एकच वाक्य सांगून येथे भागत नाही.

ग्रंथीचे स्थान आणि कार्य

प्रोस्टेट ही फक्त पुरुषाच्या शरीरात असणारी ग्रंथी होय. मूत्राशयाच्या तळाशी, गुदाशयाच्या पुढच्या बाजूस ती असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते. मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधून जातो, आणि पुढे उद्भवणाऱ्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या रचनेतच आहे. मार्गाभोवतीची ग्रंथी फुगली की मार्ग आपोआप चेपला जातो.

ग्रंथीत तयार होणारा पातळ, दुधट स्राव वीर्यात मिसळतो. त्यातील एका प्रथिनामुळे घट्ट झालेले वीर्य पुन्हा पातळ होते आणि शुक्रपेशींना हालचाल करणे सुलभ जाते. हे प्रथिन वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढे सांगावयाच्या रक्ततपासणीचा सारा आधार तेच आहे.

ग्रंथीच्या विकारांशी भारतीय वैद्यकाचा परिचय जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे जे बारा प्रकार वर्णिले आहेत, त्यांत ‘वाताष्ठीला’ नावाचा एक प्रकार येतो. अष्ठीला म्हणजे दगडासारखी गोल, कठीण गाठ. अशी गाठ मूत्राचा मार्ग अडवते, असे त्यात सांगितले आहे. मराठीतील शास्त्रीय लेखनात या ग्रंथीला ‘अष्ठीला ग्रंथी’ असे नाव मिळाले, ते यावरूनच.

उतारवयातील दोन वेगळे विकार

पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी हळूहळू मोठी होऊ लागते. ही सौम्य वाढ असून ती कर्करोग नव्हे, आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होते ही समजूतही चुकीची आहे. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेक सर्वांत ती कमीअधिक प्रमाणात आढळते. लघवीची धार बारीक होणे, सुरुवात होण्यास वेळ लागणे, मूत्राशय पूर्ण मोकळे झाले नाही असे वाटत राहणे, रात्री तीनचार वेळा उठावे लागणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. औषधांनी किंवा मूत्रमार्गातून केलेल्या शस्त्रक्रियेने हा त्रास बराचसा दूर करता येतो.

सौम्य वाढ होते ती ग्रंथीच्या मध्यभागी, मूत्रमार्गाला लागून. कर्करोग बहुधा सुरू होतो तो ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात. या फरकाचा परिणाम फार महत्त्वाचा आहे. मध्यभागातील निरुपद्रवी वाढ लवकर त्रास देते. कडेला सुरू झालेला कर्करोग मूत्रमार्गापासून दूर असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणतीही चाहूल लागू देत नाही. लघवीचा त्रास आहे म्हणून कर्करोग असेलच असे नाही, आणि त्रास नाही म्हणून कर्करोग नाही असेही म्हणता येत नाही. रोग ग्रंथीबाहेर पडला म्हणजे तो बहुधा हाडांकडे वळतो. कंबर, पाठीचा कणा, ओटीपोटाची हाडे यांत सतत दुखू लागते, वजन घटते, क्वचित लघवीतून रक्त जाते. कण्यातील मज्जारज्जूवर दाब पडल्यास पायांतील शक्ती जाते, आणि अशा वेळी एक दिवसाचाही उशीर रुग्णाला कायमचे पंगू करू शकतो. कितीतरी रुग्ण पहिल्यांदा वैद्याकडे जातात ते लघवीची तक्रार घेऊन नव्हे, तर कंबरदुखीचे औषध मागण्यासाठी.

हा रोग कोणाला होईल हे निश्चित सांगता येत नाही. तथापि वय हे सर्वांत मोठे कारण आहे. पन्नाशीपूर्वी तो क्वचित आढळतो. वडिलांना अथवा सख्ख्या भावाला तो झालेला असल्यास धोका सुमारे दुप्पट होतो. स्त्रियांच्या स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाशी निगडित असलेला ‘बीआरसीए-२’ हा सदोष जनुक पुरुषाला वारशाने मिळाला असेल, तर हा कर्करोग होण्याचा आणि तो आक्रमक असण्याचा, असे दोन्ही धोके वाढतात. म्हणून आईकडील किंवा बहिणींचा आजार हीदेखील पुरुषाने आपल्या वैद्याला सांगण्यासारखी गोष्ट आहे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत रोगाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे आढळून आले आहे.

संप्रेरकांचा शोध

या रोगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना १९४१ सालची. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स हे कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास करीत होते. माणसाप्रमाणेच कुत्र्याची ही ग्रंथीही वयाबरोबर वाढते. प्राणिसृष्टीत असे प्राणी थोडेच आहेत. वृषण काढून टाकले असता ही ग्रंथी आक्रसते, असे हगिन्स यांना दिसून आले. मग वृषणातून स्रवणाऱ्या पुरुष-संप्रेरकावरच तिचा कर्करोगही पोसला जात असेल काय? हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग हाडांत पसरलेल्या रुग्णांवर हा उपाय करून पाहिला. वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या काही रुग्णांना थोड्याच दिवसांत विलक्षण आराम पडला. संप्रेरकांत फेरबदल करून पसरलेला कर्करोग मागे हटवता येतो, हे यातून प्रथमच स्पष्ट झाले. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांनी मेंदूच्या तळाशी असणाऱ्या भागातील नियंत्रक संप्रेरकांची रचना उलगडली व त्यांनाही १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्या संशोधनातून अशी इंजेक्शने तयार झाली, की ज्यांनी शस्त्रक्रियेवाचून वृषणांचे कार्य थांबवता येते. हा उपाय कायमचा मात्र ठरत नाही. पसरलेला रोग काही काळ दबून राहतो आणि पुढे केव्हातरी संप्रेरकाच्या अभावातही वाढण्यास शिकतो. २००४ साली डोसिटॅक्सेल, २०११ साली ॲबिराटेरोन आणि त्यानंतर आणखी काही औषधे उपलब्ध झाली. त्यांनी या अवस्थेतील रुग्णांचे आयुष्य वाढवले आहे. ते पूर्ववत निरोगी करणे अद्याप साधलेले नाही. म्हणूनच, रोग ग्रंथीच्या आत असतानाच ओळखता येईल काय, या प्रश्नाला एवढे महत्त्व आले.

रक्तातील एक खूण

१९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथील रॉझवेल पार्क या संस्थेत टी. मिंग चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेट ग्रंथीतील एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. वीर्य पातळ करणारे म्हणून ज्याचा वर उल्लेख केला, तेच हे प्रथिन. त्याला ‘प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन’ किंवा संक्षेपाने पी. एस. ए. म्हणतात. ग्रंथीच्या पेशींची घडी विस्कटली की ते अधिक प्रमाणात रक्तात झिरपते. १९८६ साली अमेरिकेत या तपासणीला मान्यता मिळाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी. रोग हुडकण्यासाठी तिचा उपयोग करण्यास १९९४ साली मान्यता देण्यात आली. तोपर्यंत लक्षावधी निरोगी पुरुषांनी ती करूनही घेतली होती.

या तपासणीचे मर्म तिच्या नावातच आहे. ती प्रोस्टेटची खूण आहे, कर्करोगाची नव्हे. सौम्य वाढ, ग्रंथीची सूज, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, लघवीसाठी घातलेली नळी, फार वेळ सायकल चालवणे, आदल्या दिवशीचा वीर्यपात यांपैकी कशानेही ती पातळी वाढू शकते. उलटपक्षी सौम्य वाढीवर दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही औषधे ती सुमारे निम्म्यावर आणतात, आणि ही गोष्ट वैद्याला ठाऊक नसल्यास आकड्याचा अर्थ चुकतो. एक मिलिलिटर रक्तद्रवात ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा पुष्कळ काळ प्रमाण मानली गेली. ४ ते १० यांदरम्यान आकडा असलेल्या पुरुषांची पुढील तपासणी केली असता ढोबळमानाने चारांपैकी एकातच कर्करोग सापडतो. याच्या उलट, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी आकडा असलेल्या पुरुषांचीही ऊती काढून तपासण्यात आली. त्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. तात्पर्य, एवढ्यापर्यंत सुरक्षित आणि त्यापुढे रोगी, अशी रेघ या आकड्यांत ओढता येत नाही.

चाळणीचा प्रश्न

निरोगी दिसणाऱ्या सर्व माणसांतून रोग असण्याचा संभव असलेली माणसे निवडून काढणे, याला चाळणी तपासणी म्हणतात. धान्याच्या चाळणीची भोके फार बारीक असली तर खड्यांबरोबर दाणेही वर राहतात. फार मोठी असली तर दाण्यांबरोबर खडेही खाली जातात. प्रोस्टेटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. येथे सगळेच खडे सारखे नाहीत. इतर कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांची शवविच्छेदने केली असता, ऐंशी वर्षांवरील सुमारे निम्म्या व्यक्तींच्या ग्रंथीत कर्करोगाच्या लहान जागा सापडतात. या माणसांनी आपला रोग न जाणता आयुष्य पुरे केलेले असते. असा रोग हुडकून काढणे म्हणजे माणसाला रुग्ण बनवणे होय. त्याच्या वाट्याला काळजी, शस्त्रक्रिया, लघवीवरचा ताबा सुटणे, पुरुषत्व गमावणे हे सारे येते, आणि आयुष्यात मात्र एका दिवसाचीही भर पडत नाही. या प्रकाराला अतिनिदान असे म्हणतात.

तपासणीने खरोखर किती मृत्यू टळतात, हे पाहण्यासाठी दोन मोठे प्रयोग करण्यात आले व दोन्हींचे पहिले निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ७६ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात मृत्यूंत काही घट दिसली नाही. मात्र ज्या गटाची तपासणी होऊ नये असे ठरले होते, त्यातील पुष्कळांनी ती बाहेरून करून घेतली होती, त्यामुळे तुलनाच निरर्थक झाली, असा त्यावर आक्षेप आला. युरोपातील अभ्यासात मृत्यूंत २० टक्के घट दिसली. परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासणीस बोलवावे लागले आणि ४८ जणांवर अधिकचे उपचार करावे लागले.

तथापि हा रोग संथ आहे, आणि त्याचा हिशेब दहा वर्षांत पुरा होत नाही. युरोपातील याच अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. आठ देशांतील १ लाख ६२ हजार पुरुषांच्या या अभ्यासात तपासणीस बोलावलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि एका मृत्यूमागे बोलवाव्या लागणाऱ्यांची संख्या ४५६ पर्यंत, तर जादा निदानांची संख्या १२ पर्यंत खाली आली. साध्या भाषेत सांगावयाचे तर, तपासणीस न बोलावलेल्या हजार पुरुषांपैकी सुमारे १६ जण या रोगाने मरण पावले आणि बोलावलेल्या हजारांपैकी सुमारे १४. हा लाभ खरा आहे, पण तो लहान आहे. आणि त्याची किंमतही द्यावी लागते.

या आकड्यांबरोबर धोरणेही हेलकावत राहिली. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१२ साली पी. एस. ए. ची सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला. त्यानंतरच्या वर्षांत, रोग पसरल्यावरच निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढू लागल्याचे तेथील नोंदींत दिसून आले. २०१८ साली कृतिगटाने आपला सल्ला बदलला. ५५ ते ६९ या वयात वैद्याशी चर्चा करून प्रत्येकाने आपला निर्णय घ्यावा, आणि ७० नंतर ही तपासणी नेमाने करू नये, असे त्याने सांगितले. युरोपीय संघाने २०२२ साली पी. एस. ए. आणि त्यास जोड म्हणून एम. आर. आय. अशी तपासणी टप्प्याटप्प्याने अजमावून पाहण्याची शिफारस आपल्या सदस्य देशांना केली.

निदानाची वाट

पूर्वी आकडा वाढलेला दिसला, की लगेच ग्रंथीत दहाबारा ठिकाणी सुई घालून ऊतीचे तुकडे काढले जात. या जीवोतक परीक्षेला म्हणजे बायॉप्सीला आजही पर्याय नाही, कारण कर्करोगाचे अंतिम निदान तिनेच होते. बदल झाला आहे तो तिच्या आधीच्या पायऱ्यांत. प्रथम काही आठवड्यांनी पी. एस. ए. ची तपासणी पुन्हा केली जाते. पुष्कळदा आकडा आपोआप खाली आलेला असतो. त्यानंतर एम. आर. आय. यंत्राने ग्रंथीची चित्रे घेतली जातात. त्यांत संशयास्पद जागा दिसली तर नेमकी तेथेच सुई घालता येते. काही दिसले नाही तर पुष्कळांची बायॉप्सी टळते. २०१७ व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश नेतृत्वाखालील अभ्यासांनी या पद्धतीची उपयुक्तता दाखवून दिली. घातक रोग अधिक सापडावा आणि निरुपद्रवी रोग कमी सापडावा, हे दोन्ही हेतू तिने बऱ्याच अंशी साधतात.

काढलेल्या ऊतीचे परीक्षण विकृतिवैज्ञानिक करतो. मिनिॲपोलिस येथील डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली यासाठी एक पद्धत सुचवली. पेशींची मूळ मांडणी कितपत मोडली आहे, यावरून त्यांनी १ ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन पायऱ्यांची बेरीज करावयास सांगितले. आज व्यवहारात ही बेरीज ६ ते १० यांदरम्यान येते. ६ म्हणजे अत्यंत मंद रोग, ९ किंवा १० म्हणजे आक्रमक रोग. दहापैकी सहा म्हणजे रोग निम्म्याहून पुढे गेला, असा रुग्णांचा समज होऊ लागल्यामुळे २०१४ साली १ ते ५ असे नवे गट ठरवण्यात आले. ‘कर्करोग आहे’ एवढ्याच शब्दांनी हादरून न जाता, तो कोणत्या गटातील आहे, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी प्रथम विचारले पाहिजे.

उपचार आणि सावध प्रतीक्षा

ग्रंथीपुरता मर्यादित असलेला रोग शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने समूळ नाहीसा करता येतो. संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोर येथे ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केली. पुढील कित्येक दशके तिच्यानंतर लैंगिक क्षमता जवळजवळ हमखास नष्ट होत असे. १९८२ साली पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीलगतच्या बारीक मज्जातंतूंचा मार्ग शोधून ते वाचवण्याचे तंत्र सिद्ध केले. त्यामुळे हानी कमी झाली, तरी ती पूर्णपणे टळते असे नाही. किरणोपचारानेही मूत्राशय व गुदाशय यांना त्रास होऊ शकतो.

मंद रोगाच्या बाबतीत तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासणीने रोगावर पाळत ठेवणे. हा मार्ग ऐकताच पुष्कळांना तो हलगर्जीपणा वाटतो. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पाळत अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते आणि गटागटांत उल्लेखनीय फरक नव्हता. मात्र पाळतीवर ठेवलेल्यांपैकी ९ टक्क्यांत रोग दूरवर पसरला, तर इतर दोन गटांत सुमारे ५ टक्क्यांत. आणि पाळतीवरील निम्म्याहून अधिकांना पुढे केव्हातरी उपचार घ्यावे लागले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मंद रोगात विचार करण्यास सवड असते, आणि पाळत म्हणजे विसर नव्हे.

भारतातील स्थिती

भारतात कर्करोगाच्या लोकसंख्येवर आधारित नोंदीचा प्रारंभ १९६० नंतरच्या वर्षांत मुंबईत झाला. १९८१ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. या नोंदींवरून असे दिसते, की दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम् यांसारख्या शहरांत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या कर्करोगांत आघाडीच्या स्थानी आला आहे. ग्रामीण भागात तो कमी आढळतो. याचे एक कारण तेथे तो खरोखर कमी असावा हे असू शकते. तो ओळखला जात नाही, हेही असू शकते.

२०२२ साली देशात सुमारे ३८ हजार नवे रुग्ण आणि सुमारे १८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने रुग्णांची ही संख्या लहान दिसते. परंतु हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे खरी चिंता कळते. जगात नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यूंची संख्या जेमतेम चतुर्थांशाहून थोडी अधिक आहे. भारतात ती निम्म्याच्या घरात जाते. अमेरिकेपुढचा प्रश्न गरजेपेक्षा अधिक निदानाचा आहे. भारतापुढचा प्रश्न मुख्यतः उशिरा होणाऱ्या निदानाचा आहे. येथील पुष्कळ रुग्णांचा रोग पहिल्या भेटीतच हाडांपर्यंत पोचलेला आढळतो. दर महिन्याची इंजेक्शने परवडत नाहीत, म्हणून हगिन्स यांनी दाखवून दिलेली वृषणे काढण्याची साधी, एकदाच करावयाची शस्त्रक्रिया आजही येथे अनेकांना आधार देते.

शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची रक्तदाब, मधुमेह, आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी केली जाते. प्रोस्टेटचा समावेश त्यात नाही, आणि वर सांगितलेले आकडे पाहता सरसकट तपासणीचा आग्रह धरणे योग्यही ठरणार नाही. पुरुषाने हेही ध्यानात ठेवावे, की भारतीय पुरुषाला तोंडाच्या कर्करोगाचा धोका प्रोस्टेटच्या कर्करोगापेक्षा अधिक आहे. तंबाखू सोडणे, वर्षातून एकदा रक्तदाब व साखर पाहणे आणि तोंडातील बऱ्या न होणाऱ्या व्रणाकडे दुर्लक्ष न करणे, हे पुरुषाच्या आरोग्यरक्षणाचे पहिले धडे होत. प्रोस्टेटचा विचार त्यांच्या जोडीने करावयाचा आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

मौनाची किंमत

शरीराच्या या भागाविषयी बोलण्याचा संकोच सर्वच समाजांत आढळतो. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांना १९८१ साली, निवडून आल्यावर काही महिन्यांतच, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले. आपल्या प्रकृतीची पत्रके नियमितपणे प्रसिद्ध करण्याचे त्यांनी जनतेला आश्वासन दिले होते. ती निघतही राहिली, आणि रोगाचा उल्लेख मात्र त्यांत अकरा वर्षे झाला नाही. १९९६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. याउलट नेल्सन मंडेला यांना २००१ साली हाच रोग झाला, तेव्हा ही गोष्ट जगजाहीर करूनच त्यांनी किरणोपचार घेतले. त्यानंतर ते बारा वर्षे जगले. २००३ साली ऑस्ट्रेलियात काही मित्रांनी नोव्हेंबर महिनाभर मिशा वाढवण्याची एक गमतीदार प्रथा सुरू केली. पुढे ती पुरुषांच्या आरोग्याची जगभर पसरलेली चळवळ झाली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन यांनी आपला हाच रोग हाडांत पसरल्याचे जाहीर केले. त्यांची शेवटची पी. एस. ए. तपासणी २०१४ साली झाली होती, असे त्यांच्या प्रवक्त्याने सांगितले. सत्तरीनंतर तपासणी न करण्याचा सल्ला बहुसंख्यांच्या हिताचा असला, तरी एखाद्याच्या बाबतीत तो उणा पडू शकतो, याचे हे उदाहरण होय.

भारतीय घरांत हा संकोच वेगळ्या रीतीने वावरतो. रात्री चारदा उठणारा वृद्ध ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतो. धोतर ओले होईल या भीतीने तो लग्नकार्याला आणि प्रवासाला जाणे सोडतो. मुलाला विचारवत नाही आणि सुनेला सांगवत नाही. पत्नीला कळलेले असते. परंतु वैद्यासमोर तीही बोलत नाही. हे मौन सोडले तर पुष्कळशा गोष्टी सोप्या होतात, कारण बहुतेकांचा त्रास सौम्य वाढीचाच असतो आणि त्यावर उपाय आहेत.

पुरुषाने पन्नाशी गाठली, म्हणजे पी. एस. ए. तपासणीचे लाभ आणि हानी यांविषयी वैद्याशी एकदा मोकळेपणाने बोलावे. वडील किंवा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास हे बोलणे ४५ व्या वर्षीच व्हावे. कुटुंबात सदोष जनुक असल्याचे ठाऊक असल्यास त्याहूनही आधी व्हावे. मूत्रमार्गात संसर्ग असताना ही तपासणी करू नये. आदले दोन दिवस सायकल व वीर्यपात टाळावा. चालू असलेली सर्व औषधे वैद्याला सांगावीत. एका आकड्यावरून भिऊन जाऊ नये आणि एका आकड्यावरून निश्चिंतही होऊ नये. लघवीतून रक्त जाणे, लघवी तुंबणे, न थांबणारी हाडदुखी, पायांतील अचानक अशक्तपणा ही लक्षणे दिसल्यास मात्र चर्चा बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. त्या वेळी प्रश्न चाळणीचा उरत नाही, तो निदानाचा असतो, आणि त्यात गमावलेला प्रत्येक दिवस रुग्णाच्या खात्यातून वजा होतो.